उर्फ

"वन अँड सेमचं का?" कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली बसलेल्या टायपिस्टने मान वर न करता विचारलं.

"आईच्या नावाचं आहे," मी म्हटलं.

"तेच ते. माहेरचं आणि सासरचं. कागद द्या."

आईला जाऊन सात महिने झाले होते. आजोबा तिच्या लग्नाआधीच गेले, त्यामुळे माहेरच्या जमिनीला वारस म्हणून तिचं जे नाव लागलं ते लग्नाआधीचं. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव लग्नानंतरचं. आडनाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पहिलं नावसुद्धा. तांदळाच्या ताटात बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून ती ते नाव झाली. आता दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकही शब्द जुळत नव्हता. तलाठ्यांनी सांगितलं, कागदावर या दोन बाया आहेत. एकच असतील तर तसं शपथपत्र आणा. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

टायपिस्टने आईचं माहेरचं पूर्ण नाव टाइप केलं, मग एक शब्द, मग सासरचं पूर्ण नाव. तो मधला शब्द होता ‘उर्फ’.

हा शब्द मी जन्मभर वर्तमानपत्रातच वाचत आले. टोळीतला कुणी पकडला की त्याच्या नावानंतर उर्फ, आणि उर्फच्या पुढे त्याचं गल्लीतलं, धाकाचं नाव. आईच्या दोन नावांच्या मध्ये तो येऊन बसलेला पाहिला आणि घशात काहीतरी अडकलं. आणि तिथेच, त्या ताडपत्रीखाली, मला एक फार जुना सिनेमा आठवला. रात्री मामाच्या घरी सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडून मी तो पुन्हा पाहिला.

‘द होल टाउन्स टॉकिंग’. १९३५ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेत कोलंबिया पिक्चर्सने प्रदर्शित केलेला. दिग्दर्शक जॉन फोर्ड. पुढे पश्चिमेकडच्या उजाड माळरानांवरच्या घोडेस्वारांसाठी तो जगभर ओळखला गेला, पण हा सिनेमा शहरातला, कचेरीतला आणि निखळ विनोदी. त्यात आर्थर फर्ग्युसन जोन्स नावाचा एक कारकून आहे. आठ वर्षांच्या नोकरीत एकदाही उशीर नाही. घरी एक मांजर, पिंजऱ्यात एक पक्षी. कचेरीतल्या मिस क्लार्कवर त्याचं मनापासून प्रेम आहे, पण ते फक्त त्यालाच माहीत. तिच्यावर तो चोरून कविता करतो आणि कवितेत तिला भलत्याच नावाने हाक मारतो, म्हणजे कागद कुणाच्या हाती पडला तरी उलगडा व्हायला नको.

एके दिवशी मालक हुकूम काढतात, की या कधीही उशीर न करणाऱ्या कारकुनाला पगारवाढ द्या, आणि आज जो कुणी उशिरा येईल त्याला काढून टाका. नेमकं त्याच दिवशी जोन्सचं गजराचं घड्याळ दगा देतं. एकाच माणसाला बढती आणि बडतर्फी एकाच सकाळी कशी द्यायची, या पेचात सापडलेल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाचा चेहरा मला या सिनेमातल्या कुठल्याही बंदुकीपेक्षा जास्त आठवतो. १९३३ साली अमेरिकेत साधारण चारातला एक कामकरी माणूस बेकार होता. ते वर्ष ताजं असताना थिएटरात बसलेल्या लोकांना हे हसू कुठून येत असेल, याचा अंदाज करता येतो. लेट मार्कच्या भीतीने आयुष्य काढलेलं माणूस आपल्याही घरात असतंच. आमच्याकडे बाबा होते. ठरलेली लोकल चुकली की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

तर असा हा जोन्स. आणि वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तुरुंगातून पळालेल्या ‘किलर’ मॅनियनचा. जोन्सचा आणि त्याचा चेहरा तंतोतंत एक. दुपारी खाणावळीत शेजारच्या टेबलावरचा एक भित्रा, बक्षिसाला भुललेला गृहस्थ पोलिसांना फोन करतो, आणि पोलिसांची फौज येऊन जोन्सला आणि मिस क्लार्कला उचलून नेते. जोन्स घामाघूम. मिस क्लार्क मात्र, त्याच सकाळी नोकरी गेलेली असल्यामुळे की काय, पूर्ण मोकळी. पोलीस तिला गुंडाची मैत्रीण समजतात तर तीही तशीच वागते. कुठलाही जुना गुन्हा विचारा, तिचं उत्तर ठरलेलं: मॅनियन.

दोन्ही भूमिका एकाच नटाच्या, एडवर्ड जी. रॉबिन्सनच्या. बुटका, रुंद जिवणीचा, देखणा अजिबात नाही. १९३१ च्या जानेवारीत आलेल्या ‘लिटल सीझर’मध्ये त्याने टोळीप्रमुखाचं काम केलं आणि गुंड कसा बोलतो हे सगळ्या जगाला त्याच्यामुळे कळलं. पडदा नुकता बोलायला लागला होता. दोनच महिन्यांनी, १४ मार्चला, आपल्या गिरगावात मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ लागणार होता. लोक आवाजासाठी गर्दी करत होते, आणि रॉबिन्सनचा तो दातांच्या फटीतून निघणारा, तोडून टाकणारा आवाज त्यांच्या कानात बसला. ‘लिटल सीझर’ची मूळ कादंबरी डब्ल्यू. आर. बर्नेटची, आणि या विनोदी सिनेमाची मूळ कथाही त्याचीच. ज्याने तो गुंड घडवला त्यानेच त्या गुंडासमोर त्याच्याच चेहऱ्याचा एक साधा कारकून आणून उभा केला.

दुहेरी भूमिका ही काही तेव्हा नवी गोष्ट नव्हती. आपल्याकडे फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये, १९१७ साली, अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. कॅमेरा हलू न देता अर्धी चौकट झाकायची, नट एका बाजूला काम करतो, मग फिल्म मागे फिरवून दुसरी अर्धी उघडायची आणि तोच नट दुसऱ्या बाजूला. किंवा एकाचा चेहरा आणि दुसऱ्याची पाठ, आणि पाठ कुणाचीही चालते. या सिनेमात कॅमेरामन जोसेफ ऑगस्टने जोन्स आणि मॅनियनला एका खोलीत एकमेकांसमोर बसवलंय ते आजही कुठे जोड न दिसता उतरलंय.

पण माझ्या मते खरी कमाल तिथे नाही, ती आवाजात आहे. मूकपटात दोन माणसं वेगळी दाखवायची तर मिशी लावावी लागली असती, टोपी बदलावी लागली असती. इथे तोच चेहरा, अंगलटही तीच. मी मुद्दाम डोळे मिटून थोडा भाग ऐकला. जोन्सचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली जातो, जणू वाक्य पूर्ण करण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही याची त्याला खात्री नाही. मॅनियन वाक्य पूर्ण करतच नाही, कारण त्याला गरज पडत नाही. समोरच्याने आधीच मान हलवलेली असते. डोळे मिटले की ते दोन वेगळे जीव आहेत याबद्दल तिळमात्र शंका राहत नाही. डोळे उघडले की फसगत सुरू.

मला हे फार खोलवर लागलं, त्याचं कारण मामा.

बाबांच्या घरी आई नव्या नावाची होती. त्या नावाची बाई हळू बोलायची. पाहुण्यांसमोर अर्ध्या वाक्यात थांबायची, पुढचं बाबा किंवा आजी बोलणार हे धरून. वर्षातून एकदोनदा मामा यायचा आणि चपला काढता काढता दारातूनच तिला जुन्या नावाने हाक मारायचा. लहानपणी आम्हाला वाटायचं, तो शेजारच्या कुणा बाईला बोलावतोय. आणि आतून जी यायची तिचा आवाज वेगळा असायचा. मोठा, उघडा, थट्टेचा. ती मामाशी भांडायची, त्याला खोटं पाडायची, मोठ्याने हसायची. मामाची गाडी सुटली की दोन दिवसांत तो आवाजही निघून जायचा. आम्ही भावंडांनी कधी विचारलं नाही, ती बाई कोण होती. चेहरा तर आईचाच होता.

सिनेमाकडे परत येते. पोलिसांना चूक कळते तेव्हा सरकारी वकील जोन्सला एक पत्र देतात: हे पत्र बाळगणारा माणूस आर्थर फर्ग्युसन जोन्स असून तो मॅनियन नव्हे. इंग्लंडात हा सिनेमा ज्या नावाने लागला त्यात या कागदालाच ‘पासपोर्ट’ म्हटलंय. जोन्स ते पत्र घेऊन आनंदात घरी येतो, आणि घरात मॅनियन बसलेला असतो. पुढचं सांगायला हवं का? दिवसा पत्र तुझ्याकडे, रात्री माझ्याकडे. तू नोकरीवर जा, मी माझ्या धंद्यावर. निरपराध्याला वाचवण्यासाठी काढलेला कागद दुसऱ्याच दिवसापासून अपराध्याच्या खिशात.

आपल्या भाषेत यासाठी ‘तोतया’ हा शब्द आहे, आणि त्याच्यामागे पानिपत आहे. सदाशिवरावभाऊ परत आलेच नाहीत, आणि मग एके दिवशी भाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला. पार्वतीबाई नवरा गेला हे मानायला तयार नव्हत्या. चेहरा जुळतोय म्हणणारे लोक निघाले, त्यातले काही सामील होते आणि काहींना मनापासून तसं हवं होतं. १७७६ मध्ये त्या माणसाला देहान्त शिक्षा झाली तोवर बराच अनर्थ होऊन गेला होता. कागद काय किंवा चेहरा काय, ज्याला विश्वास ठेवायचा असतो त्याला दोन्ही पुरतात.

या सिनेमातली चेष्टा किती जवळून आली होती, ते सांगायला हवं. १९३४ हे साल अमेरिकेत जॉन डिलिंजरचं होतं. मार्चमध्ये तो इंडियाना राज्यातल्या तुरुंगातून निसटला आणि देशभर त्याचे फोटो लागले. २२ एप्रिलच्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या एका लॉजला सरकारी माणसांनी वेढा घातला. लॉजमधून निघालेल्या एका गाडीवर, त्यात डिलिंजरची टोळी आहे असं समजून, गोळ्या झाडल्या. गाडीत तीन साधी माणसं होती. एक जागीच गेला, दोघे जखमी झाले. डिलिंजर आणि त्याचे साथीदार मागच्या बाजूने अंधारात पसार. पुढच्या महिन्यात त्याने चेहरा बदलण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली. २२ जुलैला शिकागोत एका थिएटरातून गुंडांवरचाच सिनेमा पाहून बाहेर पडताना तो मारला गेला. त्यानंतर सातच महिन्यांत लोक दुसऱ्या थिएटरांत बसून जोन्सला चुकून पकडतात म्हणून हसत होते. त्या तीन माणसांपैकी जो गेला त्याच्याकडे दाखवायला कुठलं पत्र नव्हतं, आणि असतं तरी अंधारात कुणी वाचलं नसतं. हे माहीत झाल्यापासून खाणावळीतला तो प्रसंग पाहताना मी आधी जोन्सच्या हातांकडे बघते. ते टेबलावरच राहावेत, खिशाकडे जाऊ नयेत, असं वाटत राहतं. मग हसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती.

रॉबिन्सन जन्माने रॉबिन्सन नव्हता. १८९३ साली बुखारेस्टमधल्या ज्यू घरात जन्मलेला इमॅन्युएल गोल्डनबर्ग, लहानपणी अमेरिकेत आला. नाटकात शिरताना नाव बदललं. पण मधलं ‘जी’ तेवढं ठेवलं. ते गोल्डनबर्गचं. पोस्टरवर, श्रेयनामावलीत, सगळीकडे तो एक अक्षराचा माहेरचा तुकडा त्याने शेवटपर्यंत सोबत वागवला. मिस क्लार्क झालेली जीन आर्थर मूळची ग्लॅडिस ग्रीन. आणि जॉन फोर्ड? तो जॉन फीनी, मेन राज्यातल्या आयरिश घरातला. आधी थोरल्या भावाने पडद्यासाठी ‘फोर्ड’ आडनाव घेतलं आणि धाकट्याने ते उचललं. बरीच वर्षं पडद्यावर तो ‘जॅक फोर्ड’ होता. १९२३ सालच्या ‘कॅमिओ कर्बी’ या मूकपटात पहिल्यांदा ‘जॉन फोर्ड’ असं नाव झळकलं, आणि त्याच मूकपटात जीन आर्थरने पहिल्यांदा पडद्यावर पाऊल ठेवलं.

म्हणजे बारा वर्षांनी ही दोघं पुन्हा एकत्र आली ती आवाज घेऊन. मूकपटांत जीन आर्थर पुष्कळ दिसली होती, पण लक्षात राहिली नव्हती. तिचा आवाज किंचित घोगरा होता, मध्येच फाटायचा, आणि फाटला की गोड लागायचा. तो ऐकू आला तेव्हा लोकांना ती पहिल्यांदा दिसली. या सिनेमापासून तिची विनोदी भूमिकांची मोठी कारकीर्द सुरू झाली. चेहरा बारा वर्षं तोच होता.

नाव बदललेल्या तिघांनी मिळून ओळखीच्या गोंधळावर सिनेमा केला, हा योगायोग असेल. त्या धंद्यात तेव्हा नाव बदलणं सर्रास होतं हे मलाही ठाऊक आहे. तरी जोन्स आरशासमोर उभा राहून आपला चेहरा निरखतो, मॅनियनसारखं तोंड वाकडं करून बघतो, तेव्हा मला त्यात गोल्डनबर्ग दिसतो. ज्याला कधीतरी नव्या नावाचा चेहरा करून पाहावा लागला होता, असा.

शेवटाकडे सिनेमा काळवंडत जातो. जोन्स म्हणून तुरुंगात जाऊन मॅनियन आपल्याविरुद्ध बोललेल्या साथीदाराला संपवतो. जोन्सची मावशी आणि मिस क्लार्क त्याच्या कैदेत. मग तो जोन्सला बँकेत पाठवतो. तिथे पोलीस त्याला मॅनियन समजून गोळ्या घालतील, जगाच्या लेखी मॅनियन मरेल आणि खरा सुटेल. पण जोन्स काहीतरी विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत येतो. आठ वर्षं काहीही न विसरलेला माणूस. अड्ड्यावरचे गुंड त्याला आपला सरदारच समजतात. त्याला ते उमगतं. आणि खरा मॅनियन दारात येतो तेव्हा हा त्यांच्या धन्याच्या जागी उभा राहून हुकूम देतो. ते आपल्याच धन्याला मारतात.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा फिल्म क्लबच्या अंधारात सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी टाळी आली नाही. पुढे मिस क्लार्कबरोबर लग्न, बोटीने शांघायची सफर, सगळं गोड होतं; पण मी त्या हुकुमापाशीच थांबले. तो आवाज जोन्सने कुठून आणला? मॅनियनची नक्कल म्हणावी, तर नक्कल इतक्या लवकर तोंडात बसत नाही. मला वाटतं तो त्याचाच होता. आठ वर्षं वेळेवर येऊन, मान खाली घालून हिशेब लिहिता लिहिता कुठेतरी ठेवलेला. तो एकदाच वापरायला मिळाला आणि नेमका माणूस मारायला वापरावा लागला, याचं मला वाईट वाटतं. आईला तिचा आवाज निदान वर्षातून दोनदा मिळत होता, भावाशी भांडायला.

दुसऱ्या दिवशी नोटरीकडे सही होती. "वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती माझी आई होय, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते." पेन हातात घेऊन मी ते दोनदा वाचलं. कायद्याला हवं होतं तेवढं ते खरं होतं. सही केली.

साक्षीदार मामा. ऐंशी उलटलेली, हात कापतो. नोटरींनी त्याला विचारलं, "आजोबा, या बाईंना तुम्ही ओळखत होता?"

मामाने उत्तरादाखल फक्त तिचं नाव घेतलं. जुनं. जरा मोठ्याने, दारातून घ्यायचा तसं. बाकड्यावर बसलेल्या दोनतीन बायकांनी मान वळवून पाहिलं, आपल्यातलं कुणी उठतंय का ते.

मग त्याने कागद जवळ ओढला, चष्मा वर केला आणि उर्फच्या अलीकडच्या शब्दांवर बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं.

"बरोबर लिहिलंय," म्हणाला, आणि सही केली.